काळी माती, एक तक्ता आणि मामाचं दार

तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकी शिकला असाल तर तो तक्ता तुमच्या वहीत नक्की असणार. डावीकडे जमिनीचा प्रकार, उजवीकडे पायाचा प्रकार. खडक असेल तर साधा उथळ पाया. घट्ट वाळू असेल तर सुटी फुटिंग. मऊ चिकणमाती असेल तर राफ्ट किंवा पाइल. काळी माती असेल तर अंडर-रीम्ड पाइल. परीक्षेत पाच मार्कांना तो हमखास कामी येतो.

आज या तक्त्याचीच समीक्षा करायची आहे. त्यातली उत्तरं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्नच अर्धा आहे. अर्धा प्रश्न घेऊन संशोधनाला बसलं की पहिलं वर्ष वाया जातं. माझं गेलं. आणि त्याच्या आधी माझ्या मामाच्या घराला भेग गेली, तीही याच तक्त्यामुळे.

मामाचं घर

हिंगणघाटात आमच्या मामाने गावाबाहेरच्या एका ले-आउटमध्ये प्लॉट घेतला. आधी ते वावर होतं, कपाशीचं. मी तेव्हा बी. ई.च्या शेवटच्या वर्षाला. मामा म्हणाला, "तू इंजिनेर होऊन राह्यला, तूच सांग पाया कसा घेऊ." मी पुस्तक उघडलं. एक मजली घरासाठी पाइलचा खर्च मामाला झेपणार नव्हता, म्हणून मी तक्त्याच्या वरच्या ओळींकडे गेलो. माती कमजोर आहे ना, मग पाया रुंद करा, म्हणजे वजन पसरेल. खाली वाळूचा थर द्या. खोली चार फूट. भिंतीचं वजन थेट पायावर, कॉलम नाहीत. मिस्त्रीने तसंच केलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात दर्शनी दार अडकायला लागलं. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर निघाली, वरच्या टोकाला जास्त रुंद. मी फोनवर म्हणालो, लाकूड फुगलं असेल. मामा म्हणाला, "लाकूड पावसाळ्यात फुगते. हे दार मे महिन्यात लागत नाही, अन् पोळ्याले आपोआप लागते. तुमचं पुस्तक काय म्हणते?"

मग मी म्हणालो, घर खचलं असेल. तेही चूक होतं. खचलेलं घर पावसाळ्यात परत वर येत नाही.

या दोन वाक्यांत मामाने माझी दोन गृहीतकं पाडली, तीही कोणत्याही उपकरणाशिवाय. कोणत्या महिन्यात काय होतं एवढंच त्याने पाहिलं होतं. तक्त्यात नेमका महिनाच नाही.

तक्त्यात काय गृहीत धरलंय?

तक्ता असं धरून चालतो की घर जमिनीला खाली ढकलतं आणि जमीन ते पेलते किंवा पेलत नाही. पायाचं सगळं प्राथमिक शिक्षण या एका दिशेचं आहे. पेलण्याची क्षमता किती, खचणं किती. म्हणून आपलं मन आपोआप म्हणतं की जड इमारत धोक्याची, हलकी इमारत सुरक्षित.

काळी माती मात्र वरही ढकलते. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटाची खनिजं असतात. पाणी मिळालं की ती त्यांच्या थरांमध्ये पाणी ओढून घेतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसते आणि भेगाळते. वावरातल्या मे महिन्याच्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता मामाच्या भिंतीचं वजन काढून बघू. कागद घ्या, सोबत करा. नऊ इंची विटेची भिंत, तीन मीटर उंच. एक मीटर लांबीमागे ०.२३ × ३ × २ म्हणजे साधारण १.४ टन. स्लॅबचा भिंतीवर येणारा वाटा ०.७ टन धरा. जोतं आणि जमिनीखालचं बांधकाम १.१ टन. एकूण ३.२ टन. पाया ०.९ मीटर रुंद, म्हणून मातीवरचा दाब झाला चौरस मीटरला सुमारे ३.६ टन. काळ्या मातीच्या फुगण्याचा दाब प्रयोगशाळेत चौरस मीटरला १० ते २० टन मिळणं काही अपवादाचं नाही. म्हणजे माती जेवढ्या जोराने वर ढकलू शकते त्याच्या निम्म्यानेही घर तिला दाबत नव्हतं.

पाया ०.४५ मीटर ठेवला असता तर दाब सुमारे ७ टन झाला असता. फुगणं पूर्ण थांबलं नसतं, पण कमी झालं असतं. मी पाया रुंद करायला सांगून मातीला मोकळीक करून दिली. आणि खालचा वाळूचा थर? वाळूत पाणी पटकन शिरतं, साठून राहतं आणि खालच्या मातीला आरामात पाजलं जातं.

मग पाया अरुंद करायचा का? तेही सरळ नाही. पावसाळ्यात ओली झालेली काळी माती मऊ असते, तिच्यावर अरुंद पाया टाकला की घर खरोखरच खचू शकतं. पेलण्यासाठी रुंदी हवी, फुगणं दाबण्यासाठी अरुंद हवं. दोन्ही अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पाया निवडण्याचा खरा प्रश्न इथे सुरू होतो आणि तक्ता नेमका इथेच संपलेला असतो.

तीन उत्तरं, पण प्रश्न कोणता?

लिटरेचर रिव्ह्यू करताना काळ्या मातीवर तीन प्रकारचं साहित्य तुमच्यासमोर येईल. तिन्ही "उपाय" म्हणून एकाच यादीत लिहिण्याची पद्धत आहे. मीही माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये तसंच लिहिलं होतं. तसं करू नका. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिलं, अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं. कल्पना सुंदर आहे. घराचं वजन सगळ्या भिंतीखाली पसरवायचं नाही, मोजक्या ठिकाणी गोळा करायचं आणि जिथे ऋतूप्रमाणे ओल बदलत नाही तिथपर्यंत खाली न्यायचं. पाइलच्या तळाशी दांड्याच्या साधारण अडीचपट व्यासाचा फुगवटा असतो. तो पेलायलाही मदत करतो आणि वरची माती पाइलला उपटू पाहते तेव्हा धरूनही ठेवतो. वर जोडणारी बीम जमिनीला टेकवायची नाही, खाली मोकळी जागा सोडायची, म्हणजे माती फुगली तरी तिला जागा मिळते. वर पाहिलेल्या ओढाताणीतून सुटण्याचा हा मार्ग आहे.

आयएस २९११ च्या तिसऱ्या भागात, फुगणाऱ्या मातीचा थर खोल असेल तर पाइलची लांबी किमान ३.५ मीटर ठेवायला सांगितलं आहे. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण त्याला लागूनच पुढे म्हटलं आहे की फुगणारा थर उथळ असेल आणि खाली चांगला, न फुगणारा थर किंवा खडक असेल तर पाइल आखूड चालेल. हे वाक्य फार थोड्यांना आठवतं. आपल्या भागात तर तेच जास्त कामाचं आहे. वर्धा जिल्ह्याची काळी माती बहुतांशी बेसाल्ट झिजून झालेली. तिच्याखाली मुरूम, मुरूमाखाली खडक. उंचवट्यावर मुरूम हाताच्या अंतरावर लागतो, वणा नदीच्या बाजूला सखल भागात माती खोल असते. एकाच गावात एका प्लॉटला दीड मीटरवर मुरूम लागला म्हणून साधी कॉलम-फुटिंग पुरेल आणि दुसऱ्याला पाइल लागेल. "हिंगणघाटची माती काळी, म्हणून अमुक पाया" असं लिहिलंत की हा फरक पुसला जातो.

दुसरं, सीएनएस थर, म्हणजे चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर. आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी मोठ्या टाक्यांत काळी माती भरून, पाणी देऊन प्रयोग केले. भारतीय भूतंत्र संस्थेचं पहिलं वार्षिक व्याख्यान त्यांनी याच विषयावर दिलं आणि ते १९७९ मध्ये छापलं गेलं. वाचाच. त्यांचा निष्कर्ष असा की वर साधारण एक मीटर जाडीचा योग्य थर दिला तर खालच्या मातीचं फुगणं बरंच आटोक्यात येतं, आणि हे काम नुसत्या वजनाचं नाही, त्या थरातल्या चिकटपणाचंही आहे. म्हणून वाळू चालत नाही, योग्य प्रतीचा मुरूम चालतो. मामाच्या घरात मी कुठे चुकलो ते यात स्पष्टच लिहिलेलं होतं. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी ही पद्धत मानकातही आली.

इथे संशोधकाने थांबायला हवं. कट्टींच्या कामात फुगणं जमिनीखाली एक-दीड मीटरवर जवळपास संपतं. पाइलचं मानक ३.५ मीटरचा हिशेब धरतं. दोन्ही मोठ्या संस्था. मग कोण चूक? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात लिहून पुढे निघून गेलो होतो. गाईडने फक्त एक प्रश्न लिहिला: "ही माती कोणत्या महिन्यातली?" तेव्हा कळलं. माझं वाचन असं की टाकीत भरलेली माती आणि उन्हाळाभर सुकून खोलवर भेगाळलेली माती यांची सुरुवातच वेगळी. भेगेतून पाणी थेट खाली उतरतं, टाकीत ते वरून हळूहळू झिरपतं. दोन आकडे दोन प्रश्नांची उत्तरं आहेत. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये असा मतभेद सापडला की तो झाकू नका. तुमचा विषय बहुतेक तिथेच असतो.

तिसरं साहित्य सर्वांत जास्त, आणि माझी तक्रार मुख्यतः त्याबद्दल आहे. काळ्या मातीत चुना, फ्लाय अॅश, भाताच्या तुसाची राख, संगमरवराची भुकटी, प्लास्टिकच्या पट्ट्या, काही ना काही अमुक टक्के घालायचं, सीबीआर आणि यूसीएस चाचणी करायची आणि शेवटी लिहायचं की हे मिश्रण पायासाठी योग्य आहे. चुन्याचं रसायन पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नमुना कसा तयार होतो ते पाहा. माती वाळवली, फोडली, चाळली, पूड सारखी मिसळली, ठरलेल्या ओलाव्याला ठोकून बसवली. तिच्या भेगा गेल्या, थर गेले, ऋतू गेला. सीबीआर ही मुळात रस्त्यासाठीची चाचणी. रस्त्याच्या वरच्या थरात चुना मिसळता येतो, तिथे हे काम मोलाचं आहे. पण घराखाली तीन मीटर खोलीपर्यंत चुना कोण मिसळणार, आणि कसा? प्रश्न रस्त्याचा, उत्तर पायाला चिकटवलेलं. असे पेपर वाचताना निष्कर्षाचं शेवटचं वाक्य आधी वाचा आणि मग प्रयोगात त्याला आधार आहे का ते शोधा.

हीच गोष्ट फ्री स्वेल इंडेक्सची. दहा ग्रॅम वाळलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये. दोन्हींच्या आकारमानातला फरक टक्क्यांत. स्वस्त, सोपी, उपयोगी चाचणी. तिच्यावरून माती कोणत्या वृत्तीची हे कळतं. तुमच्या प्लॉटवर ती किती फुगेल हे कळत नाही, कारण खोली, वरचं वजन आणि आजची ओल यांपैकी काहीच त्या नळीत नसतं.

इमारतही एकसारखी नसते

तक्त्याच्या डाव्या बाजूचं झालं. उजव्या बाजूलाही दोष आहे. "इमारत" नावाचा रकानाच त्यात नाही.

हिंगणघाट कापसाचं गाव. एखादी जिनिंग फॅक्टरी डोळ्यांसमोर आणा. यंत्रांचे पाये जड, त्यांना फुगण्याची भीती कमी, मात्र कंपनं सांभाळावी लागतात. पत्र्याच्या शेडचे कॉलम हलके, त्यांना खोलवर मुरूमात उतरवलेलं बरं. आणि जमिनीवर टाकलेली काँक्रीटची फरशी सर्वांत हलकी. कॉलम जागेवर राहतील आणि मधली फरशी पोट फुगल्यासारखी वर येईल. एकाच छताखाली तीन प्रश्न. तिथे "या इमारतीला कोणता पाया?" असं विचारणंच चुकतं.

दुसरं म्हणजे इमारत किती वाकू शकते. जिल्ह्यातच सेवाग्रामला जाऊन मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलूची घरं पाहा. अशा भिंतीला भेग गेली तर लिंपून घेता येते, कवेलू थोडे सरकले तर बसवता येतात. विटा-सिमेंटची भिंत ताठ असते, थोड्या हालचालीलाही ती भेगेने उत्तर देते. आपण घराचं साहित्य बदललं, पण पायाचा विचार जुन्या सवयीने करत राहिलो.

जागाही बदलली. आपल्या जुन्या गावांत काळी आणि पांढरी हे शब्द होते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. राहायचं पांढरीत, पेरायचं काळीत. आता शहर वाढतं ते काळीत, वावरं एन. ए. होऊन. यावरून "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" असं लिहायचा मोह होतो, मलाही झाला. आवरा. जुन्या पांढरीचं टेकाड अनेक ठिकाणी राख, पडक्या भिंती आणि कचऱ्याच्या थरांनी वाढलेलं असतं. ती जमीन फुगत नसेल, पण एकसारखीही नसते. तिथे घर एका बाजूला जास्त बसू शकतं. परंपरेलाही तोच प्रश्न विचारायचा: कशासाठी, किती वजनाच्या घरासाठी?

मोजायचं कुठून?

तुम्हाला वाटेल, मग घराची हालचाल सरळ मोजूनच काढू. जरूर मोजा, पण कशाच्या तुलनेत? शेजारच्या जोत्यावर खूण केली तर ते जोतंही फुगतंय. विजेचा खांबही हलतोय. स्थिर खूण हवी असेल तर सळई हलत्या थराच्या खाली, मुरूमात किंवा खडकात पक्की करावी लागते आणि वरच्या मातीचा तिला स्पर्श होऊ नये म्हणून भोवती मोकळी नळी घालावी लागते. हे एक दिवसाचं काम आहे, पण ते न करता वर्षभर घेतलेल्या नोंदी फुकट जातात.

हिंगणघाटला याची आठवण करून देणारी जागाही आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात करणारे विल्यम लॅम्ब्टन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर इथेच आहे. पुढची सगळी मोजमापं एका काटेकोर आधाररेषेवर उभी असतात, हे त्यांच्या कामातून शिकायचं. आपल्या छोट्या कामालाही तेच लागू आहे.

पेपर वाचताना विचारायचे चार प्रश्न

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी पायांवरचा कोणताही पेपर, कोणताही तक्ता घ्या आणि हे विचारा.

एक, माती किती खोलीवरची, आणि तो न फुगणारा थर तिथून किती खाली?

दोन, कोणत्या महिन्यातली? मे आणि सप्टेंबर या दोन नोंदी नसतील तर ऋतूबद्दलचा निष्कर्ष मानू नका.

तीन, वर किती वजन, आणि ते कायमचं वजन आहे का? माणसं आणि सामान फुगण्याविरुद्ध धरता येत नाही, ते कधीही उठून जातं.

चार, हालचाल सगळीकडे सारखी की एका कोपऱ्यात जास्त? सगळं घर सारखं दोन इंच वर गेलं असतं तर मामाला कळलंही नसतं. भेग फरकामुळे पडते.

या चौथ्या प्रश्नानेच मामाच्या घराचं कोडं सुटलं. मागच्या भिंतीला लागून न्हाणीचं पाणी बाहेर पडत होतं, तो कोपरा बारा महिने ओला. दर्शनी कोपरा उन्हाचा, उन्हाळ्यात आकसून खाली बसायचा आणि चौकट तिरपी व्हायची. पाऊस पडला की तो वर यायचा, पोळ्यापर्यंत दार सरळ. उपाय पायात नव्हता, आता पाया बदलता येणारही नव्हता. न्हाणीचं पाणी पाइपने दूर नेलं, छताचं पाणीही. भिंतीभोवती दीड-दोन मीटर रुंद फरसबंदी केली, बाहेरच्या उताराची. ओल कमी-जास्त होणं कमी झालं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली.

भेग गेली नाही. उन्हाळ्यात ती अजूनही थोडी उघडते, पण दार लागतं. दर महिन्याला मामा मापाचा फोटो पाठवतो. माझ्या प्रबंधात तो डेटा येणार नाही, एका घराचा आहे. पण माझा विषय त्यातूनच ठरला: एकाच ले-आउटमधली वेगवेगळ्या खोलीच्या मुरूमावरची घरं, दोन ऋतूंत, पक्क्या खुणेपासून मोजलेली.

तुमच्याही गावात अशी एखादी भेग असेल. तक्ता मिटून ठेवा आणि आधी त्या घरच्या माणसाला विचारा की दार कोणत्या महिन्यात अडकतं.